अमळनेरला दोन दिवस : बंद पडलेल्या मिलच्या गावात काय पाहावे

इंदूरच्या रामबागेतील एका महिला मंडळाच्या कार्यवाह ताईंनी मला विचारले आहे की, मंडळाची अठ्ठावीस माणसे, त्यांतली बहुतेक साठीच्या पुढची, दोन दिवसांसाठी खानदेशातल्या अमळनेरला न्यायची आहेत. मंगळ ग्रहाचे मंदिर आणि साने गुरुजींचे नाव यापलीकडे त्या गावाबद्दल कुणाला फारसे ठाऊक नाही आणि तिथली कापडाची मिल तर केव्हाच बंद पडली आहे. तेव्हा दोन दिवस पुरेल इतके तिथे आहे का? जाता जाता त्यांनी असेही विचारले आहे की, त्यांचे एक्याऐंशी वर्षांचे सासरे इंदूरच्या हुकुमचंद मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या मागांवर, होते, त्यांना सोबत घ्यावे की घरीच ठेवावे. गेली अठरा वर्षे मी इंदूरच्या मराठी मंडळांच्या सहली नेतो आणि अमळनेरला आतापर्यंत सात वेळा जाऊन आलो आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

दोन दिवस पुरतील, पण ते मांडावे कसे यावर सगळे आहे. ठिकाणांची यादी हातात घेऊन, एकेकावर खूण करत निघालात, तर दुपारी बाराच्या आत गाव संपते आणि मग बसमध्ये ‘आता काय?’ सुरू होते. माझी पहिली सहल अशीच फसली. दोष माझाच होता : मी मंगळवार निवडला, सकाळी सर्वांत आधी मंगळ मंदिर ठेवले आणि मंगळवारी तिथे किती गर्दी असते याचा विचारच केला नाही. अर्धा दिवस रांगेत गेला, उरलेल्या अर्ध्यात चार इमारती बाहेरून दाखवल्या आणि परतीच्या वाटेवर एका काकूंनी शांतपणे म्हटले, ‘देऊळ छान होतं हो, पण गाव काही दिसलं नाही.’ त्या बोलण्यावर मी पुष्कळ विचार केला. अमळनेरमध्ये आग्र्या-जयपूरसारखे एकेकटे उभे राहून डोळ्यांत भरेल असे काही नाही. तिथे जे आहे ते एकमेकांना बांधलेले आहे, आणि बांधणारा धागा मिलचा आहे. म्हणून मिल बंद असली, तिच्या फाटकाच्या आत पाऊल टाकायला मिळाले नाही, तरी सहलीची सुरुवात तिथूनच करावी, असे माझे ठाम मत आहे.

खरे म्हणजे सुरुवात त्याही आधी, वाटेवरच होते. इंदूरहून मुंबई-आग्रा रस्त्याने निघाले की विंध्याचा घाट उतरून आपण निमाडात शिरतो, खलघाटला नर्मदा ओलांडतो, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात गेलात तर सेंधव्याच्या अलीकडे-पलीकडे कापसाने भरलेल्या गाड्या दिसू लागतात. सेंधव्याला जुना किल्ला आहे हे सगळ्यांना सांगितले जाते. पण सेंधवा हे कापसाचे आणि जिनिंगचे गाव आहे, हे सांगायचे बहुधा राहून जाते. चहासाठी थांबाल तेव्हा मंडळातल्या नातवंडांच्या वयाच्या कुणाला तरी एक बोंड हातात द्यावे आणि रुईतून सरकी बोटांनी वेगळी करायला लावावी. दोन मिनिटांत बोटे दमतात, आणि जिनिंगचे यंत्र कशासाठी असते हे कुणी समजावून सांगायची गरज उरत नाही. पुढे बिजासनचा घाट उतरला की आपण महाराष्ट्रात येतो. आपल्या बिजासन टेकडीवरच्या देवीचेच नाव इथे घाटातल्या देवीलाही आहे, त्यामुळे बायकांचा इथे थांबण्याचा आग्रह असतो आणि तो मोडू नये. शिरपूर मागे टाकून तापी ओलांडली की नरडाणा, बेटावद या मार्गाने अमळनेर गाठता येते. सगळा प्रवास सुमारे अडीचशे किलोमीटरचा आहे. पहाटे साडेपाचला निघालात आणि दोन थांबे घेतलेत, तर जेवणाच्या वेळेला पोचता.

आता गावाकडे वळू. अमळनेर हे बोरी नदीच्या काठी वसलेले जुने गाव. पेशवाईच्या शेवटी इथल्या किल्ल्यात अरब शिबंदी होती आणि १८१८ मध्ये इंग्रजांना तो फौज आणून घ्यावा लागला. त्या जुन्या गावाची खूण म्हणून नदीकडचा दगडी दरवाजा दाखवतात. तो पाहावा, पण त्यासाठी दहा मिनिटे पुष्कळ झाली. गावाचे नशीब पालटले ते पुढे. सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग इथून गेला, भोवती कापसाचा काळाभोर मुलूख होताच, आणि मोतीलाल माणेकचंद ऊर्फ प्रताप शेठ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे सूतकताईची आणि विणाईची मिल उभी केली. प्रताप मिल हे नाव आजही तिथल्या माणसांच्या तोंडी पत्त्यासारखे येते. कुठे उतरायचे, कुठे वळायचे, कुणाचे घर कुठे, सगळे ‘मिलच्या अलीकडे’ नाहीतर ‘मिलच्या पलीकडे’.

इंदूरकराला हे समजावून सांगावे लागत नाही. आपल्याकडे तुकोजीराव होळकरांनी १८६६ च्या सुमारास स्टेट मिल काढली तेव्हा रेल्वे आली नव्हती आणि तिची यंत्रे हत्तींकडून ओढून आणावी लागली. पुढे मालवा मिल, हुकुमचंद मिल, स्वदेशी, राजकुमार, कल्याणमल, भंडारी अशी रांगच लागली. त्या सगळ्या थंड पडल्या, तरी पाटणीपुऱ्याकडे जाणारा रिक्षावाला अजून ‘मालवा मिल चौराहा’ म्हणूनच हाक देतो. फरक इतकाच की, इंदूर मोठे शहर असल्याने मिली गेल्या तरी दुसऱ्या शंभर गोष्टींनी ते झाकले गेले. अमळनेर लहान आहे. तिथे मिल गेली तेव्हा गावाच्या दिवसाचा काटाच गेला, आणि ती पोकळी पाहुण्याला आजही जाणवते, जर तो बसमधून खाली उतरून पायी चालला तर.

म्हणून पहिल्या दिवशी जेवण आणि विश्रांती झाल्यावर, उन्हे कलली की, मिलच्या परिसरात पायी चक्कर मारावी. आत जाण्याचा हट्ट धरू नये. बंद मिलच्या जुन्या शेडमध्ये म्हाताऱ्या माणसांना नेणे तसेही शहाणपणाचे नाही. बाहेरच्या चहाच्या टपरीवर बसावे. माझ्या चौथ्या सहलीत अशाच एका टपरीवर एक जुने विणकर भेटले. आमच्यातल्या एकाने धोट्याबद्दल, म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणाऱ्या लाकडी नळीबद्दल, सहज विचारले, ‘धोट्यात धागा कसा ओवायचे हो?’ त्यावर त्यांनी टेबलावरची बशी बाजूला सारली, दोन बोटांमध्ये नसलेला धोटा धरला, तो ओठांपाशी नेला आणि ‘सुर्रर्’ असा आवाज करत आत श्वास ओढला. जुन्या धोट्याच्या बारीक भोकातून सुताचे टोक असे तोंडाने ओढून घ्यावे लागे; धोट्यातली सुताची कांडी संपली की पुन्हा तेच, पाळीत कितीतरी वेळा, आणि दर श्वासाबरोबर थोडी कापसाची धूळ घशात. मग त्यांनी तुटलेला धागा सांधण्याची गाठ दाखवली. दोन टोके अंगठ्याखाली आडवी धरली, एक वेढा, एक झटका, आणि गाठ इतकी बारीक की बोट फिरवले तरी लागेना. आमच्यातल्या दोघी निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी पाच वेळा प्रयत्न केला आणि पाचही वेळा त्यांची गाठ मुगाच्या दाण्याएवढी झाली. अठरा वर्षांच्या सहलींमध्ये मी पुष्कळ वस्तुसंग्रहालये दाखवली आहेत. त्या टपरीवरच्या वीस मिनिटांइतके लक्ष देऊन कुणी काही पाहिल्याचे मला आठवत नाही.

याच ठिकाणी दुसरी एक गोष्टही सांगावी, कारण ती वगळली तर चित्र एकांगी होते. १९४६ मध्ये अमळनेरच्या मिल कामगारांवर गोळीबार झाला आणि त्यात कामगार मारले गेले. प्रताप शेठांच्या दानशूरपणाबद्दल पुढे मी बरेच सांगणार आहे आणि ते खरेच आहे. पण गिरणगावात शेठांनी बांधलेले डोळ्यांना दिसते आणि कामगारांनी सोसलेले दिसत नाही, म्हणून ते मुद्दाम बोलून दाखवावे लागते. मी हे भाषणासारखे सांगत नाही. मिलच्या फाटकाकडे तोंड करून दोन वाक्यांत सांगतो आणि पुढे चालू लागतो.

पुढे म्हणजे तत्त्वज्ञान मंदिराकडे. माझ्या मते अमळनेरमधले सर्वांत विलक्षण ठिकाण हेच आहे आणि नेमके तेच बहुतेक सहलींमध्ये सुटते, कारण ‘मंदिर’ म्हटल्यावर लोक मूर्ती शोधतात आणि मूर्ती तर इथे नाही. कापडाच्या मिलच्या मालकाने, रेल्वेच्या एका आडगावी, १९१६ मध्ये तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी संस्था काढावी, देशभरातून अभ्यासकांना बोलवावे, त्यांची राहण्याची आणि निर्वाहाची सोय करावी, आणि ‘तुम्ही फक्त विचार करा’ असे सांगावे, ही कल्पनाच मला अजून थक्क करते. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखा मोठा तत्त्वज्ञ निवृत्तीनंतर बंगालमधून इथे संचालक म्हणून आला होता. घनश्यामदास मलकानी यांनी तर आयुष्याचा मोठा भाग इथेच काढला. इथून निघणारे तत्त्वज्ञानाचे इंग्रजी त्रैमासिक परदेशांतल्या विद्यापीठांत वाचले जाई. म्हणजे अद्वैतातल्या मायेवर जगात कुठे वाद झाला, तर त्याचा एक पक्ष बोरीकाठच्या या गावातून टपालाने जात असे, आणि त्या टपालाचा खर्च सुताच्या नफ्यातून निघत असे.

इंदूरच्या मंडळींना मी इथे नेहमी काच मंदिराची आठवण करून देतो. सर हुकुमचंद हेही गिरणीमालकच. त्यांनी इतवारियात जैन मंदिर बांधले, तर भिंती, छत, खांब, फरशी सगळे काचेने मढवले. आत उभे राहिले की आपलेच रूप शेकडो तुकड्यांत दिसते. दोघांचा पैसा एकाच प्रकारच्या यंत्रांतून आला. एकाने तो असा झळकवला की आजही पर्यटकांची रीघ लागते, आणि दुसऱ्याने असा खर्च केला की दाखवायला पुस्तकांची कपाटे आणि शांत खोल्या यांच्याखेरीज फारसे काही नाही. यात कोण थोर, हा प्रश्न मला निरर्थक वाटतो; मला स्वतःला दोन्ही वास्तू आवडतात. पण काच मंदिर न सांगता कळते आणि तत्त्वज्ञान मंदिर सांगितल्याशिवाय कळत नाही, म्हणून तिथे जाण्यापूर्वी बसमध्येच पंधरा मिनिटे काढून मंडळींची तयारी करून घ्यावी. मंडळात संस्कृतचे किंवा तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक कुणी असतील, तर हे काम त्यांच्याकडे द्या; रामबागेत असे कुणी सापडणार नाही, हे मला तरी पटणार नाही. भेटीची वेळ मात्र आधी कळवून ठरवून घ्या. ही अभ्यासाची संस्था आहे; तिथे अठ्ठावीस माणसांनी अचानक जाऊन उभे राहू नये.

साने गुरुजी अमळनेरला आले ते याच तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासक म्हणून, हे अनेकांना माहीत नसते. त्यांचे मन तिथे रमले नाही आणि १९२४ मध्ये ते गावातल्या शाळेत शिक्षक झाले. पुढे ती प्रताप हायस्कूल या नावाने ओळखली गेली. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहासाठी नोकरी सोडेपर्यंत ते तिथेच होते. मुलांचे वसतिगृह त्यांच्याकडे होते, आणि त्या वसतिगृहात ते हाताने लिहिलेले ‘छात्रालय दैनिक’ काढत. प्रत्येक सहलीत, अगदी प्रत्येक, कुणीतरी विचारतेच की, ‘श्यामची आई’ त्यांनी कोणत्या खोलीत लिहिली. ती त्यांनी इथे लिहिलेली नाही. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. हे सांगितले की काहींचा चेहरा पडतो, तेव्हा मी म्हणतो की, पुस्तक तुरुंगात लिहिले गेले, पण संध्याकाळी मुलांना भोवती बसवून गोष्ट सांगण्याची सवय या वसतिगृहातली आहे. मुलांचे कपडे, आजारपण, घरची आठवण, हे सगळे पाहणारा तिशीच्या आतला मास्तर इथल्या आवारात वावरला, एवढे मनात धरून पाच मिनिटे उभे राहिले तरी पुरे. शाळा चालू असते; त्यामुळे मधल्या सुट्टीची किंवा शाळा सुटल्यानंतरची वेळ घ्यावी आणि मुख्याध्यापकांची परवानगी आधी घ्यावी.

प्रताप महाविद्यालय १९४५ चे. त्याच्या मोठ्या आवारात फेब्रुवारी २०२४ मध्ये रवींद्र शोभणे यांच्या अध्यक्षतेखाली सत्त्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. त्याआधी १९५२ मध्येही कृ. पां. कुलकर्णी यांच्या अध्यक्षतेखाली ते अमळनेरलाच झाले होते. एका तालुक्याच्या गावाने संमेलनाचा भार दोनदा उचलावा, हे त्या शाळा-महाविद्यालयांच्या पायावरच शक्य झाले असणार. आवारातून एक फेरी मारावी, झाडांखाली बसावे, यापेक्षा जास्त वेळ तिथे लागत नाही.

दुसरी मिल तेलाची. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन केली. शेंगदाण्याच्या मुलुखात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, आणि तेलाच्या उरलेल्या भागातून कपडे धुण्याचा ‘७८७’ साबण. १९६६ मध्ये वडील गेले तेव्हा एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतले शिक्षण अर्धवट सोडून परत आले आणि पुढे याच कंपनीच्या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांमधून ‘विप्रो’ झाले. अमळनेरच्या कितीतरी घरांनी तेव्हा कंपनीचे शेअर घेतले होते, आणि ज्यांनी ते विकले नाहीत त्यांच्या पुढच्या पिढ्या कोट्यधीश झाल्या, ही गोष्ट वर्तमानपत्रांतून इतक्यांदा आली आहे की सहलीतले पुरुष तिची वाटच पाहत असतात. एक विनंती आहे : गावातल्या माणसाला ‘तुमच्याकडे किती आहेत?’ असे विचारू नका. माझ्या एका सहलीत एका गृहस्थांनी विचारले. समोरच्या दुकानदाराने हसून ‘आमच्याकडे उधारीची वही आहे, ती दाखवू?’ म्हटले, पण त्यानंतर त्या दुकानात गप्पा काही रंगल्या नाहीत. कारखान्यात सहलीला प्रवेश मिळणार नाही, असेच धरून चला. रस्त्यावरून पाहावा आणि एवढे ध्यानात घ्यावे की बंगळूरच्या संगणकांच्या इमारतींचे मूळ इथे, तेलाच्या घाण्यात आहे.

संध्याकाळ बोरीकाठची. सखाराम महाराज हे अमळनेरचे वारकरी संत. त्यांची समाधी बोरीच्या पात्रात आहे, वाडी संस्थान हा त्यांचा मठ गावात आहे आणि आषाढीला त्यांची दिंडी पंढरपूरला जाते. वैशाखात एकादशीला रथ आणि पौर्णिमेला पालखी निघते, नदीच्या पात्रातच यात्रा भरते आणि सगळा खानदेश लोटतो. ती यात्रा पाहण्यासारखी आहे, यात शंका नाही. पण वैशाखातले खानदेशचे ऊन इंदूरच्या माणसाला कल्पनेतही नसते. आपल्या माळव्याची रात्र उन्हाळ्यातही दिलासा देते, तिथली देत नाही. साठीच्या पुढच्या मंडळींना मी त्या दिवसांत नेणार नाही, आणि कुणी नेत असेल तर त्याला दोनदा विचार करायला सांगेन. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत जावे. यात्रेची गर्दी नसली तरी कोरड्या पात्राच्या कडेला, समाधीपाशी, दिवेलागणीला हरिपाठ म्हणता येतो. आपल्या मंडळात टाळ वाजवणाऱ्या चारजणी असतीलच.

मंगळ ग्रह मंदिर दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवावे आणि तो दिवस मंगळवार नसावा, एवढेच माझे पथ्य. ज्यांच्या पत्रिकेत मंगळ आहे ते अभिषेकासाठी लांबून येतात. मंगळाची स्वतंत्र मंदिरे देशात मोजकीच असल्याने या स्थानाची ख्याती मोठी आहे. उज्जैनच्या मंगलनाथाला आपण सगळे जाऊन आलेलो असतो, त्यामुळे तुलना होतेच. ती होऊ द्यावी. परिसर नीटनेटका आणि झाडाझुडपांचा आहे, ज्येष्ठांना बसायला बरा आहे. इतर वारी तासाभरात दर्शन आटोपते.

जेवणाविषयी मात्र घाई करू नका. आपण इंदूरकर खाण्याच्या बाबतीत स्वतःला फार शहाणे समजतो आणि सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीबाहेर जग नाही अशा थाटात वावरतो. खानदेशात हा ताठा पहिल्या घासाला उतरतो. हिवाळ्यात हिरवी, जाड, कमी बियांची वांगी काट्याकुट्यांवर भाजून, लाकडी बडगीत ठेचून केलेले भरीत आणि त्यासोबत ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी, हे एका जेवणाला हवेच. दुसऱ्या जेवणाला वरण-बट्टी सांगा, म्हणजे आपल्या दाल-बाफल्यांशी तिचे नाते काय यावर परतीच्या बसमध्ये वाद घालायला विषय मिळेल. शक्य झाले तर पुरणाचे मांडे करणाऱ्या एखाद्या बाईंना आधी सांगून ठेवा आणि जेवण वाढण्याआधी सगळ्यांना चुलीपाशी न्या. सैल कणकेत पुरण भरून लाटलेली पोळी त्या दोन्ही हातांवर घेतात आणि कोपरापर्यंत अशी फिरवतात की ती स्वतःच्याच वजनाने वाढत जाते, पातळ होत जाते, आतले पुरण दिसू लागते, पण फाटत नाही. आणि मग चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर ती अलगद पसरतात. पोळ्या करण्यात हयात घालवलेल्या आपल्या बायकाही तिथे गप्प होतात. शेवभाजी तिखट असते. पोटाची तक्रार असलेल्यांसाठी दही आणि साधे वरण वेगळे सांगून ठेवा. आणि अहिराणी कानावर पडेल. ती मराठीसारखी वाटते, मध्येच गुजरातीसारखी वाटते आणि ती दोन्ही नाही. ‘हे अशुद्ध मराठी’ असे कुणी पुटपुटले तर त्याला तिथेच थांबवा. आपल्या इंदुरी मराठीला पुण्यात काय म्हणतात, याची आठवण पुरेशी होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी परतीला लागण्याआधी पारोळा करता येते, वीस-बावीस किलोमीटर. तिथला भुईकोट किल्ला १७२७ मध्ये हरी सदाशिव दामोदर यांनी बांधला, आणि ही जहागीर झाशीच्या नेवाळकरांच्या घराण्याशी जोडलेली. सत्तावन्ननंतर इंग्रजांनी ती काढून घेतली. झाशी आपल्या बाजूची आणि पारोळा खानदेशात, हा दुवा मंडळींना आवडतो. वाट खडबडीत आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी खंदकापाशीच बसावे. धरणगाव, म्हणजे बालकवींचे जन्मगाव, जळगावच्या वाटेवर आहे, पण परतीच्या दिशेला नाही. एरंडोलजवळच्या पद्मालयाचा गणपतीही असाच मोह घालेल. दोन्ही सोडा. दोन दिवसांत सात गावे केलेल्या सहलीतून माणसांना फक्त बसच्या खिडकीची आठवण राहते.

मुक्काम जळगाव किंवा धुळ्याला न करता अमळनेरलाच करावा, जरी खोल्या साध्या मिळाल्या तरी. धुळ्याला राहिलात तर बोरीकाठची संध्याकाळ आणि पहाटेचे गाव, दोन्ही जाते. अठ्ठावीस माणसांच्या खोल्या एका ठिकाणी मिळतीलच असे नाही, म्हणून दीड-दोन महिने आधी बोलणी करा. वाटेत स्वच्छतागृहांसाठी सेंधवा आणि शिरपूर हे दोन थांबे पक्के ठेवा. चालकाला ते आधीच सांगा, नाहीतर तो त्याच्या ओळखीच्या ढाब्यावर नेतो.

राहिला सासऱ्यांचा प्रश्न. त्यांना जरूर घ्या. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद झाली आणि कामगारांच्या थकीत रकमेचा प्रश्न डिसेंबर २०२३ मध्ये सुटला. या बत्तीस वर्षांत त्यांच्यासारख्यांना मिलविषयी विचारले गेले ते बहुधा पैशांच्या संदर्भात. साचा कसा चालवत, धागा कसा सांधत, अनंत चतुर्दशीच्या झांकीसाठी, म्हणजे मिरवणुकीतल्या चित्ररथासाठी, पाळी सुटल्यावर रात्री किती जागत, हे विचारणारे कमीच भेटले असतील. अमळनेरच्या टपरीवर त्यांच्याच वयाचा एखादा विणकर भेटला, तर त्या दोघांना एका बाकावर बसू द्या आणि मध्ये बोलू नका. एक अहिराणीत बोलेल, दुसरे इंदुरी मराठीत, पण धोटा, कांडी, जॉबर (मुकादम), पाळी हे शब्द दोघांचे सारखेच निघतील. मिलमध्ये वर्षे काढलेल्यांना ऐकू कमी येते, म्हणून त्यांना रस्त्याच्या गोंगाटाकडे पाठ येईल अशा बाजूला बसवा. बसमध्ये पुढच्या दाराजवळची जागा त्यांच्यासाठी ठेवा आणि खोली तळमजल्यावरची मागून घ्या.